बांधापलीकडची आंबील

"आजोबा, इथं खाली दगड आहेत का?" तन्मयनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टाचेनं जमीन ठोकून पाहिली.

"रान आहे बाबा. दगड असणारच."

"मग इथं नको. सुहास, तिकडे चल. इथं पाठीला टोचेल."

सहा वर्षांचं पोरगं चाळिशीच्या माणसाला नावानं हाक मारत होतं आणि त्या माणसाला त्याचं काही वाटत नव्हतं. "बरं साहेब," म्हणून त्यानं निळ्या तंबूची गुंडाळी उचलली आणि चिंचेच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवली. मी बाजेवर बसलो होतो. बसलो होतो म्हणजे, टेकत होतो आणि उठत होतो. विहिरीकडं जायचो, तिथं काम काही नसायचं, मग ज्वारीच्या कडेनं परत यायचो. गुडघा ठणकत होता, पण बसलं की तो माणूस समोर दिसायचा आणि बसवत नसे.

दुसऱ्या दिवशी येळवस होती. आमच्या लातूरकडं या अमावस्येला गावं ओस पडतात आणि झाडून सगळे शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभी करायची, आत पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, पूजा करायची, मग घरातल्या पुरुषानं डोक्यावर घोंगडी घेऊन, आरोळ्या देत, सगळ्या रानाला आंबील शिंपायची. त्यानंतर जेवण. त्या दिवशी शेतात कोणीही आलं, ओळखीचं, बिनओळखीचं, तरी त्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. हा नियम मी आयुष्यभर आनंदानं पाळला होता. त्या वर्षी मात्र तो माझ्या नरड्यात अडकला होता.

सुनेचा, मंजूषाचा, फोन आठवड्यापूर्वी आला होता. ती पुण्यात एका शाळेत शिकवते. आमचा उमाकांत कावीळ होऊन गेला तेव्हा तन्मय रांगत होता आणि रेवा बालवाडीत होती. तेव्हापासून ती दोघांना घेऊन एकटी राहत होती आणि दर सुट्टीत न चुकता आमच्याकडं येत होती.

"मामा, मुलांना शेतावर तंबूत राहायचंय," ती फोनवर म्हणाली होती. "येळवशीच्या आदल्या दिवशी येतो. चौघं येतोय."

"चौथं कोण?"

ती म्हणाली, "सुहास म्हणून आहेत. लिफ्ट दुरुस्तीची कामं घेतात. मला त्यांच्याशी लग्न करावंसं वाटतंय. पण तुम्ही आधी बघा. तुम्ही नको म्हणालात तर नको."

मी नको म्हणणार होतो. उगाच लपवण्यात अर्थ नाही. माणूस चांगला की वाईट याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. सून दुसऱ्या घरात गेली की नातवंडं तिच्यामागं जाणार, दुसऱ्याच कुणाला तरी आजोबा म्हणणार, आणि आम्ही दोघं म्हातारे येळवशीला एकमेकांच्या तोंडाकडं बघत भाकरी मोडणार, एवढंच मला दिसत होतं. मी एसटीत कंट्रोलर होतो. जन्मभर भोंग्यावरून लोकांना सांगितलं की कोणती गाडी कुठं चालली आहे आणि किती वाजता सुटेल. माझ्याच घरातली गाडी सुटायची वेळ आली तेव्हा मी ती थांबवणार होतो.

तंबू उभा राहिला. रेवा त्यात जाऊन बसली आणि आतून चेन ओढून घेतली. ती दहा वर्षांची होती, अंगानं काटकुळी, आणि आल्यापासून फारसं बोलली नव्हती. सुहास हात झटकत माझ्याजवळ आला.

"काका, बसू का?"

"बसा की."

तो जमिनीवरच बसला. त्याच्या नखांत ग्रीस होतं. लग्नाची पारख करून घ्यायला आलेला माणूस निदान नखं तरी साफ करून येतो, असं मला वाटलं.

"गाव कोणतं तुमचं?"

"चिपळूणजवळ आहे. आईवडील नाहीत आता. भाताची दोन खाचरं आहेत, ती चुलते करतात."

"येळवस माहीत आहे?"

"नाही. मंजूषा सांगत होती गाडीत. भज्जी की काय करतात म्हणे."

"काय करतात ते खाल्ल्यावर कळतं."

तो हसला. मी हसलो नाही. तो आणखी थोडा वेळ बसला, मग तन्मयनं हाक मारल्यावर सुटल्यासारखा उठून गेला.

मी चुलीपाशी गेलो. माझी बायको प्रयाग दुसऱ्या दिवसाच्या भज्जीसाठी, म्हणजे मिसळभाजीसाठी, तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"किती येरझाऱ्या घालूलालाव?" ती मान वर न करता म्हणाली. "रानाला वाट पडंल."

"मी नाही म्हणणार आहे."

"मला कशाला सांगताव? तिला सांगा."

"पोरं जातील प्रयाग."

"व्हय, जातील. न्हाई तर ऱ्हातील. मला काय म्हाईत?" तिनं मूठभर दाणे पातेल्यात टाकले. "पण तिला नाही म्हणायचं आसंल तर पोट भरल्यावर म्हणा. उपाशी माणसाला नाही म्हणू नये."

म्हणजे तिचं मत काय होतं ते मला कळलं नाही. कधीच कळलेलं नाही.

येळवशीला सकाळी कोप उभी राहिली. सुहासनं कडब्याच्या पेंढ्या धरल्या, मी सुतळी बांधली. आमचं बोलणं "धरा", "सोडा", "जरा इकडं" याच्या पुढं गेलं नाही. मंजूषा आणि प्रयाग स्वयंपाकात होत्या. मंजूषा बाजरीचे उंडे वळता वळता अधूनमधून माझ्याकडं बघायची, मी बघितलं की पिठात बघायची. तिचं तोंड पार उतरलं होतं, आणि मला त्याचं वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतं म्हणून रागही येत होता.

पूजा झाली. आता आंबील शिंपायची. उमाकांत असताना हे काम त्याचं होतं, तो गेल्यावर मी करत आलो होतो. नमस्कार करून मी उठायला गेलो आणि गुडघा जो आखडला तो सुटेना. बाजेचा आधार घेऊन कसाबसा उभा राहिलो, पण पाऊल पुढं टाकलं की डोळ्यासमोर काजवे चमकत.

"थांबा, सुटंल," मी म्हणालो.

प्रयागनं थोडी वाट बघितली. मग तिनं घोंगडी उचलली, सरळ सुहासच्या डोक्यावर टाकली आणि आंबिलीचं बिंदगं त्याच्या हातात दिलं.

"काकू, मी? मला यातलं काही येत नाही."

"येण्यासारखं काय हाय त्यात? पानानं शिंपीत जायचं. तन्मय संगं हाय, त्यो आरोळी देतोय."

"कुठपर्यंत जायचं?"

"रान संपस्तोवर. बांध आला की वळायचं."

मी काही बोलायच्या आत दोघं ज्वारीत शिरले. माझ्या मुलाचं काम, माझ्या घरातली घोंगडी, आणि खाली हा माणूस. मी प्रयागकडं असं बघितलं की दुसरी कोणी असती तर वितळली असती. ती भरीत कालवायला निघून गेली.

मी बाजेवर बसून राहिलो. आता उठताही येत नव्हतं. तेवढ्यात रेवा येऊन शेजारी बसली. तिनं आधी स्वयंपाकाकडं नजर टाकली, आई ऐकत नाही याची खात्री केली.

"आजोबा, मम्मी तुम्हाला विचारणार आहे ना? लग्नाचं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मला माहितीये. तुम्ही नाही म्हणा."

मी तिच्याकडं बघत राहिलो. मला हवं ते कुणीतरी आयतं माझ्या ओंजळीत आणून घातलं होतं.

"का गं? वाईट वागतो का तो?"

"नाही. चांगला आहे." तिला हे सांगावं लागलं याचा राग आला होता. "पण मम्मीनं लग्न केलं की आम्ही इकडे यायचं नाही. शेजारच्या काकू म्हणत होत्या. म्हणाल्या, मग ते घर वेगळं होतं, ते आजी-आजोबा आपले राहत नाहीत. म्हणून मीच मम्मीला म्हटलं, आपण कॅम्पिंगला शेतावर जाऊ. मला माहीत होतं तुम्ही नाही म्हणाल."

म्हणजे तंबूचा बेत या पोरीचा होता. माझ्या मनात आठवडाभर जे घोळत होतं, तेच जसंच्या तसं तिच्या मनात होतं, आणि ती दहा वर्षांची होती.

"मम्मीला वाईट वाटेल की," मी उगाच म्हणालो.

"वाटेल थोडे दिवस. नंतर सवय होईल. आधी पण होतीच सवय. आधी ती रोज जेवणं झाल्यावर गॅस पुसत बसायची. पुसलेला गॅस परत पुसायची. मी झोप म्हटलं तरी पुसायची." रेवानं खांदे उडवले. "आता नाही पुसत. लवकर झोपते. पण ते काही सुहासमुळे नाही. मी मोठी झाले ना, म्हणून."

"बघू," मी म्हणालो.

"बघू नाही. नाही म्हणा."

"बघू म्हटलं ना."

तेवढ्यात माझं लक्ष रानाकडं गेलं आणि मी गुडघा विसरून उभा राहिलो. ज्वारीच्या वर घोंगडीचं टोक दिसत होतं, तन्मयची आरोळी ऐकू येत होती, आणि दोघं भलत्याच ठिकाणी होते. आमचं रान केव्हाच मागं पडलं होतं. सुहास माझ्या चुलतभावाच्या, दिगंबरच्या, ज्वारीला आंबील शिंपत चालला होता.

दिगंबरचं आणि माझं बोलणं बंद होऊन वर्षं लोटली होती. कारण तोच बांध. त्यानं त्या अंगानं नांगराचं एक तास जास्त घेतलं की मी या अंगानं घ्यायचो. असं करता करता आम्ही दोघांनी तो बांध इतका कोरला होता, की आता तो आम्हा दोघांनाच दिसायचा. येळवशीला तो त्याच्या कोपीपाशी जेवायचा, मी माझ्या. एकमेकांच्या चुलीचा धूर दिसायचा, पण माणूस दिसलं की पाठ फिरवायची.

"अहो सुहास," मी ओरडलो. "मागं फिरा." वारा उलटा होता. त्याला ऐकू गेलं नाही. तो बिचारा बांध शोधत पार बोरीच्या झाडांपर्यंत गेला, दिगंबरचं सगळं रान शिंपून झाल्यावर वळला, आणि येताना त्याच्या मागं तन्मय होता आणि तन्मयच्या मागं दिगंबर.

दिगंबर आमच्या तुरीच्या कडेला थांबला. डोक्यावरची टोपी सारखी केली.

"दादा," त्यानं हाक मारली.

"काय?"

"तुमच्या मानसानं माझं समदं रान शिंपलं. माझी आंबील तशीच ऱ्हायली. आता म्या शिंपावं का शिंपू नये?"

हे तो भांडायला म्हणाला की खरंच विचारत होता, ते अजून मला माहीत नाही. प्रयागनं तोंडाला पदर लावला. सुहास घोंगडी काढून हातात धरून उभा होता, घामानं निथळत.

"काका, माफ करा. मला बांध दिसलाच नाही."

दिगंबरनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "दिसंल कसा?" तो म्हणाला.

येळवस होती. आमच्या शेतात माणूस आला होता. प्रयागनं पत्रावळ मांडली आणि म्हणाली, "भावजी, बसा." तो अवघडत बसला. आम्ही सगळेच बसलो. मंजूषा वाढत होती. भज्जी झाली, भरीत झालं, आंबिलीचे पेले फिरले. दिगंबरनं उंडा मोडला, घास खाल्ला, आणि साऱ्या गावानं विचारलं असतं ते विचारलं.

"दादा, हे पाव्हणे कोण म्हनायचे?"

मंजूषाचा हात भज्जीच्या पातेल्यातच राहिला. सुहासनं मान खाली घातली. रेवा टक लावून माझ्याकडं बघत होती.

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. 'ओळखीचे आहेत, पुण्याचे.' एवढं म्हटलं की संपलं. भावकीसमोर एकदा ओळखीचा झालेला माणूस पुन्हा दुसरं काही होत नाही, आणि मंजूषाला तेवढ्यानं कळलं असतं. ती भांडलीही नसती. पुण्याला गेली असती, जेवणं उरकली असती आणि गॅस पुसत बसली असती. पुसलेला गॅस. तो माझ्या डोळ्यासमोरून हलेना. माझ्या मुलाच्या मागं या पोरीनं रात्री अशा काढल्या, आणि मी आठवडाभर फक्त माझी येळवस मोजत होतो.

"जावई हायत," मी म्हणालो.

दिगंबर घास घेता घेता थांबला. "तुमाला तर लेक न्हाई. कवा झाली?"

"झाली. तू बोलत नव्हतास तवा." मी मंजूषाकडं हात केला. "ही काय वाढूलालीय तुला."

मंजूषानं पातेलं खाली ठेवलं आणि कोपीमागं गेली. तिचं रडणं सगळ्यांना ऐकू येत होतं, आणि प्रयाग उठून तिच्याकडं गेली. सुहास माझ्याकडं बघत होता. त्याला बहुतेक माझ्या पाया पडायचं होतं, पण दोन्ही हात खरकटे होते आणि मध्ये पत्रावळी होत्या. "जेवा," मी त्याला म्हणालो.

रेवा भरल्या पत्रावळीवरून उठली. तंबूत गेली आणि चेन लावून घेतली.

दुपारभर ती बाहेर आली नाही. आईनं हाका मारल्या, आजीनं बोरं नेऊन दिली, तन्मयनं बाहेरून तंबू हलवून पाहिला. ती आतून फक्त "जा" म्हणायची. दिगंबर जाताना "सांजच्याला हेंडगा माझ्या रानातूनबी न्या," असं म्हणून गेला. हेंडगा म्हणजे गवताचा पेटवलेला पलिता. तो घेऊन रानाभोवती पळायचं असतं. दिवस मावळायला आला तसा सुहासनं आणि तन्मयनं तो बांधला, प्रयागनं पेटवून दिला, आणि आरडाओरडा करत सगळे त्याच्यामागं गेले. मंजूषासुद्धा साडी खोचून पळाली. मी लंगडत तंबूपाशी गेलो आणि बाहेर मातीत बसलो.

"रेवा."

मी बाहेरून चेन वाजवली.

"रागावलीस?"

"तुम्ही खोटं बोललात. ते जावई नाहीत. मम्मी तुमची सून आहे."

"आता लेक झाली."

कापडाच्या आतून तिचा आवाज अगदी जवळून आला. "मग पप्पा तुमचे कोण?"

"मुलगा."

"मम्मी मुलगी आणि पप्पा मुलगा? मग ते बहीण-भाऊ होतात. असं नसतं."

"नसतं," मी म्हणालो.

"मग?"

जेवताना एका शब्दात मी सगळं जुळवून टाकलं होतं, निदान मला तसं वाटलं होतं, आणि त्यात माझा उमाच बसत नव्हता. मला रडू आलं. मुलगा गेला तेव्हा माणसं जमली होती, करायचं बरंच होतं, नंतर मंजूषाला धीर द्यायचा होता. रडायचं राहून गेलं होतं. ते तिथं मातीत बसून आलं, आणि मी ते आवरलं नाही.

"आजोबा?"

"तो माझा मुलगाच आहे," मी म्हणालो. "त्याला कुठं बसवायचं ते मला येत नाही गं. पण तो आहे. तू त्याची. त्यात काही बदल नाही."

"मग आम्ही इकडे येणार की नाही?"

हो म्हणून सांगणं सोपं होतं. "मला माहीत नाही," मी म्हणालो. "मलापण तीच भीती वाटते. तुझ्याएवढीच वाटते."

आत हालचाल झाली. चेन वर गेली आणि रेवाचं डोकं बाहेर आलं. तिनं माझा चेहरा नीट बघितला. मोठं माणूस घाबरलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं. तिनं फ्रॉकच्या घेरानं माझे डोळे पुसले, जरा जोरातच.

"घाबरू नका," ती म्हणाली. "मी आणीन सगळ्यांना."

मग ती चपला न घालताच ज्वारीच्या कडेनं पळत सुटली. जाळ बांधाकडं पोचत आला होता. "सुहास, थांब, मला पण," ती ओरडत होती, आणि तो जाळ तिच्यासाठी थांबला.

मंजूषाचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं. येळवशीला सगळे येतात, रेवा आता स्वतः गाडी चालवत घेऊन येते. मध्ये एकदाच खाडा पडला. तिची बारावी होती, तन्मयला गोवर झाला होता, मंजूषा त्याच्यापाशी थांबली. त्या वर्षी कोणी येणार नाही असं धरून आम्ही दोघांपुरत्याच भाकरी केल्या होत्या. दुपारी जावई एकटेच एसटीनं आले.